वाईट बातमी वेळेत सांगणारा माणूस

परवा ओळखीतल्या एका मुलीचा मेसेज आला. "ताई, पुढच्या आठवड्यात पहिली मुलाखत आहे. कंपन्या नेमकं काय बघतात हो?" सोबत बायोडेटा होता. टीम प्लेयर, हार्डवर्किंग, क्विक लर्नर, गुड कम्युनिकेशन, प्रेशरमध्ये काम करू शकते. दोन ओळींत उत्तर द्यायला बसले, पण जमेना. म्हणून इथे सविस्तर लिहितेय, म्हणजे तिच्यासारख्या इतरांनाही उपयोग होईल.

मी सोळा वर्षं हिशेब विभागात आहे आणि त्यातली दहा वर्षं तरी माणसं निवडण्यात गेली आहेत. बायोडेटातली ती पाच विशेषणं मी आता वाचतच नाही. ती खोटी असतात असं नाही, पण सगळ्यांच्याच बायोडेटात असल्यामुळे त्यांतून काहीच कळत नाही. कामाचं ज्ञान तर लागतंच. एक्सेल येत नसेल तर आमच्याकडे पुढचं बोलणंच होत नाही. पण ते शिकवता येतं, तीन महिन्यांत हात बसतो. मी शोधते ती गोष्ट वेगळी आहे: काम अडलं, चुकलं, उशीर होणार असं दिसलं, की हा माणूस स्वतःहून आणि वेळेत येऊन सांगेल का?

एक प्रसंग सांगते. महिनाअखेरची संध्याकाळ, सव्वासहा वाजलेले. प्रोबेशनवरचा एक मुलगा उघडा लॅपटॉप हातात घेऊन माझ्या टेबलापाशी आला. "मॅडम, दोन मिनिटं आहेत? दुपारी क्लायंटला पाठवलेल्या शीटमध्ये माझी चूक झालीये. तिसऱ्या कॉलममध्ये मागच्या महिन्याचे आकडे राहिलेत. चौदा ओळींत फरक पडतोय. दुरुस्त फाइल तयार आहे, मेलही लिहून ठेवलाय. तुम्ही बघितलंत की पाठवतो." आवाज कापत होता, पण बोट बरोबर त्या कॉलमवर होतं. सहा चाळीसला मेल गेला. क्लायंटकडून फक्त "धन्यवाद, नवीन फाइल घेतली" एवढं उत्तर आलं. विषय संपला.

त्याच्याआधी दोन वर्षांपूर्वीची गोष्ट नेमकी उलटी. टीममधला सगळ्यात हुशार माणूस, हिशेबाचं डोकं असं की आम्ही अडलो की त्याच्याकडे जायचो. त्याच्याकडचा एक ताळमेळ लागत नव्हता. रोज विचारलं की म्हणायचा, "होतंय, होतंय." असे अकरा दिवस गेले. द्यायच्या दिवशी सकाळी कळलं की काहीच जुळलेलं नाही. मग आम्ही तिघं दोन रात्री बसलो. तो आळशी नव्हता. आज सुटेल, उद्या सुटेल, आणि कोणाला कळायच्या आत सुटेल, या आशेवर तो घरी गेल्यावरही एकटाच झगडत होता. पहिल्या दिवशी बोलला असता तर तासाभराचं काम होतं. मला आजही त्याच्याबद्दल राग नाही, हळहळ आहे.

कारण चूक सांगण्याची हिंमत माणूस जितकी घरून घेऊन येतो, तितकीच ती ऑफिसातही घडते किंवा मरते. एमी एडमंडसन या अभ्यासक १९९० च्या दशकात इस्पितळांमध्ये औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करत होत्या. त्यांना वाटलं होतं, चांगल्या टीमच्या चुका कमी निघतील. आकडे आले ते उलटे, चांगल्या टीमच्या नोंदींत चुका जास्त! खोलात गेल्यावर त्याचा अर्थ लागला. तिथे चुका जास्त होत नव्हत्या, त्या मोकळेपणाने सांगितल्या जात होत्या. बाकीच्या ठिकाणी त्या दडपल्या जायच्या. टोयोटाच्या कारखान्यांत असेंब्ली लाइनवर एक दोरी असायची ती याचसाठी. काही गडबड दिसली की कामगाराने ती ओढायची, टीम लीडर धावत यायचा, आणि अडचण वेळेत सुटली नाही तर अख्खी लाइन थांबायची. दोरी ओढली म्हणून ओरडा बसणार असेल तर ती कोण ओढेल?

म्हणून जाहिरातीत 'प्रामाणिक उमेदवार हवा' असं लिहिणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. मागच्या वेळी कोणी चूक कबूल केली तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर काय बोललात, ते आठवा. अप्रेझलमध्ये त्याचे गुण कापलेत का? कापले असतील, तर तुम्ही पूर्ण टीमला गप्प बसायला शिकवलंय. आणि एक, 'प्रेशरमध्ये काम करणारा हवा' असं लिहिण्यापूर्वी ते प्रेशर दोन माणसं कमी असल्यामुळे तर नाही ना, हेही बघा.

त्या मुलीची दुसरी भीती होती, "मी फार बोलकी नाही हो." हे मला मुलाखतीच्या खोलीत सतत दिसतं. अबोल मुलं आधीच हरलेल्या चेहऱ्याने बसतात. त्यांच्यासाठी एक माहिती. बॅरिक आणि माउंट या दोन संशोधकांनी १९९१ मध्ये स्वभाव आणि कामगिरी यांवरचे अनेक अभ्यास एकत्र करून तपासले. सगळ्या प्रकारच्या कामांत उपयोगी पडणारा एकच गुण ठळकपणे पुढे आला, आणि तो बोलकेपणा नव्हता. इंग्रजीत त्याला कॉन्शियन्शसनेस म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी सुंदर शब्द आहे, कामाची चाड. बोलक्या स्वभावाचा फायदा दिसला तो मुख्यतः विक्री आणि व्यवस्थापनाच्या कामांत.

याचा अर्थ माणसांशी जमवून घेणं बिनमहत्त्वाचं, असा नाही. डेव्हिड डेमिंग या अर्थतज्ज्ञांनी दाखवलंय की १९८० ते २०१२ या काळात अमेरिकेत माणसांशी सतत संबंध येणाऱ्या नोकऱ्यांचा वाटा जवळपास १२ टक्के अंकांनी वाढला. पण जमवून घेणं म्हणजे गप्पांची मैफल रंगवणं नव्हे. दुसऱ्याच्या हाती काम देताना काय झालं, काय राहिलं, कुठे काळजी घ्यायची, हे नीट लिहून देणं हेही तेच कौशल्य. माझ्या टीममधली सगळ्यात अबोल मुलगी रजेवर जाताना असा हँडओव्हर देते की तिला एकदाही फोन करावा लागत नाही.

आता हे मुलाखतीत ओळखायचं कसं? निव्वळ गप्पांतून नाही. पहिल्या पाच मिनिटांत 'आवडलेल्या' माणसांनी मला अनेकदा तोंडावर पाडलंय. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारायचे आणि उत्तरांना ठरलेल्या निकषांवर गुण द्यायचे, ही पद्धत मोकळ्या गप्पांपेक्षा खात्रीची, असं संशोधनही सांगतं. सोबत मी अर्ध्या तासाचं छोटं काम देते. एक शीट आणि काही सूचना. त्यांतल्या दोन सूचना मुद्दाम एकमेकींशी न जुळणाऱ्या असतात. काही जण निमूट एक निवडून पुढे जातात. काही जण हात वर करून विचारतात, "इथे तारीख वेगळी आहे, कोणती धरू?" मला हवा असलेला माणूस तिथेच सापडतो. (चाचणीच्या नावाखाली दोन-दोन दिवसांचं खरं काम फुकटात करून घेणारे आहेत, त्यांना मी लबाडच म्हणते. उमेदवारांनी सरळ नाही म्हणावं.)

मुलीला मी एवढंच सांगितलं, की बायोडेटातली विशेषणं काढ आणि प्रत्येकाच्या जागी तू केलेली एक गोष्ट लिही. आणि 'तुमची एखादी चूक सांगा' असं विचारलं तर 'मी परफेक्शनिस्ट आहे' हे पाठ केलेलं उत्तर देऊ नकोस. खरी चूक सांग. कधी लक्षात आली, पहिल्यांदा कोणाला सांगितलीस, नंतर काय बदललंस.

रात्री तिने सरावाची तीन मिनिटांची व्हॉइस नोट पाठवली. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये तिने सर्वेक्षणाचे तीस फॉर्म दोनदा मोजले होते. सबमिशनच्या आदल्या रात्री ते लक्षात आलं, तेव्हा तिने ग्रुपला उठवून तक्ते पुन्हा करायला लावले. मला फार आवडलं. फक्त अडीच मिनिटं प्रोजेक्ट किती मोठा होता, विषय किती अवघड होता हेच चाललं होतं. चूक शेवटच्या वीस सेकंदांत आली. मी लिहिलं, "चूक पहिल्या वाक्यात आण." आज सकाळी नवी नोट आली, सव्वा मिनिटाची. सुरुवातच अशी होती, "मी तीस फॉर्म दोनदा मोजले होते."