तीन लाइफमध्ये संपवली म्हणे!

दर उन्हाळ्यात आमच्या शाळेच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड येतो. यंदाही आला: “आमच्या वेळी ना सेव्ह होतं, ना चीट. तीन लाइफमध्ये अख्खी गेम संपवायचो. कॅसेट अडली की फुंकर मारली, चालू! आजकालच्या पोट्ट्यांना जमेल का?” खाली अंगठ्यांची ही रांग.

एरवी सोडून दिलं असतं. पण या मे महिन्यात नागपूरच्या दुपारी बाहेर पडायची सोय नव्हती, म्हणून कूलरपुढे बसून ‘ग्रॅडियस’ ही विमानातून गोळ्या झाडायची गेम पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळलो. फॅमिकॉमवरची, म्हणजे निनटेंडोच्या घरगुती गेम-यंत्रावरची, १९८६ची. त्यामुळे आता बोलतोच.

चीट नव्हतं? बापा, जगातलं सगळ्यात गाजलेलं चीट याच गेममधून आलं. आर्केडमधली, म्हणजे दुकानातल्या मोठ्या यंत्रावरची, ग्रॅडियस घरच्या यंत्रावर आणायचं काम कोनामी या जपानी गेम कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतोंकडे होतं. तपासायची तर खेळून पाहावी लागणार, आणि ती त्यांनाच जमेना! मग त्यांनी स्वतःसाठी युक्ती घातली: पॉज करा, वर-वर-खाली-खाली-डावं-उजवं-डावं-उजवं-बी-ए, आणि बहुतेक शस्त्रं हातात. ती युक्ती गेममध्ये तशीच राहिली. पुढे कोनामीच्याच ‘कॉन्ट्रा’ गेममध्ये तिनेच तीस लाइफ दिल्या. आमच्या महालातल्या वाड्यात हा मंत्र पाढ्यांच्या आधी पाठ होता. फॉरवर्ड पाठवणाऱ्यालाही होता, मी साक्षीला आहे.

आणि गेमच्या रिमोटवरची ती जादाची दोन बटणं? टर्बो! दाबून धरलं की गोळ्या आपोआप सुटायच्या. जपानमध्ये ताकाहाशी मेइजिन नावाचा गेम खेळणारा सेकंदाला सोळा वेळा बटण दाबतो म्हणून प्रसिद्ध झाला. आपण टर्बोवर अंगठा ठेवून चिवडा खात बसायचो.

आता ‘तीन लाइफ’. ग्रॅडियसमध्ये लाल गोळ्या गोळा करायच्या, खालच्या पट्टीवरचा उजेड पुढे सरकवायचा आणि हवं ते नेमकं तिथे असताना बटण दाबायचं: आधी वेग, मग क्षेपणास्त्र, लेझर, सोबत उडणारे ‘ऑप्शन’. एकदा मेलात की सगळं गेलं. कासवगतीचं, नागडं विमान घेऊन मागच्या एखाद्या टप्प्यावरून सुरू, आणि समोर तीच गर्दी. म्हणजे हातात तीन लाइफ दिसतात, पण पहिली गेली की उरलेल्या दोन दाखवायच्या. मोआई मूर्तींच्या, म्हणजे दगडी मुंडक्यांच्या, तिसऱ्या टप्प्यात माझं हे इतक्यांदा झालं की बायको म्हणाली, “अजून तिथंच का?” हा कठीणपणा मुलांना घडवायला कुणी ठेवला नव्हता. मूळ गेम नाण्यावर चालणाऱ्या यंत्राची. माणूस लवकर मेला तरच पुढचं नाणं पडणार.

संपवल्या किती? खरं सांगायचं तर आपल्या कॅसेटवर बहुतेक वेळ ‘गॅलॅक्सियन’ चालायची, आणि तिला शेवटच नाही. राक्षसांची एक फळी मारली की दुसरी. बाकीच्या गेम निम्म्यात असताना लाइट जायची. सेव्ह नसल्यामुळे आपण शूर झालो नाही, पहिला टप्पा मात्र तोंडपाठ झाला. कॅसेटवरच्या हजारो गेम म्हणजे त्याच पाचपन्नास, फक्त सुरुवातीचा टप्पा बदललेला.

फुंकरीचं थोडक्यात. फायदा व्हायचा तो कॅसेट काढून परत बसवल्याने. थुंकीच्या ओलाव्याने पट्ट्या गंजतात, म्हणून फुंकू नका असं निनटेंडोच सांगत असे.

एवढं लिहून टाकल्यावर ग्रुपवरचे आमचे भाऊ म्हणाले, “तू काही म्हण, मी ग्रॅडियस तीन लाइफमध्येच संपवली होती. काय तो शेवटचा बॉस! आग ओकायचा बे!”

भाऊ, शेवटी एक मोठा मेंदू असतो. जागचा हलत नाही, आणि एक गोळीसुद्धा झाडत नाही.