भट्टीत भूत नव्हतं, माणसं होती

आज सकाळी आपल्याच सायकलिंग ग्रुपवर एक रील आलं. व्हिंटनडेलची एलायझा फर्नेस, म्हणजे लोखंड गाळायची जुनी भट्टी, मागे किंकाळ्या, वर लाल अक्षरात 'हॉन्टेड', आणि खाली सगळ्यांचे घाबरलेले इमोजी. डोकं फिरलं माझं. म्हणून लिहितोय, लांबलं तर लांबलं.

पेनसिल्व्हेनियातल्या घोस्ट टाउन ट्रेलवर सायकल मारलेल्या प्रत्येकाने ती भट्टी बघितलीये. ब्लॅकलिक क्रीकच्या काठाने जुन्या रेल्वेलाइनवरून ट्रेल जातो आणि त्याला लागूनच तो ३२ फुटी दगडी बुरुज उभाय. आपण काय करतो, सायकल टेकवतो, फोटो काढतो, पाणी पितो, निघतो. मालकाने म्हणे तिथे गळफास घेतला, त्याचं भूत फिरतं. एवढंच सगळ्यांना पाठ!

बाबा इकडे आले होते तेव्हा त्यांना घेऊन गेलो होतो. आयुष्यभर फौंड्रीत शिफ्ट केलेला माणूस. तेही मला वाटलं फोटो काढतील. ते खालच्या कमानीत वाकून आत बघत बसले आणि पहिला प्रश्न काय, तर "हवा कुठून मारायचे रे?" भूत नाही, मालक नाही, हवा.

आणि खरंच सगळा खेळ हवेचाच होता. ही हॉट ब्लास्ट भट्टी, म्हणजे वरून बाहेर पडणाऱ्या गरम गॅसवरच हवा तापवून परत खाली आत सोडायची. त्यासाठीचे लोखंडी पाइप अजून तिच्या डोक्यावर आहेत, जे बाकीच्या बहुतेक जुन्या भट्ट्यांवर उरलेलेच नाहीत. बाबांना ते दाखवले तर मान वर करून इतका वेळ उभे राहिले की मागून येणारे सायकलवाले थांबून तेही वर बघायला लागले. रीलमध्ये ते पाइप आहेत का? नाहीत. कारण पाइप किंचाळत नाहीत.

१८४६ च्या आसपास ती पेटली आणि दोन-तीन वर्षांतच थंड पडली. जवळचं लोहखनिज हलक्या प्रतीचं, माल कॅनॉलपर्यंत गाड्यांतून ओढत न्यायचा, परवडणार कसं. पण तेवढ्या काळात तिथे ९० च्या आसपास माणसं आणि पोरं राबत होती, हो पोरंसुद्धा, आणि ४५ खेचरं. भट्टीत जळायला दगडी कोळसा नाही, लाकडाचा कोळसा. तो करायला लाकडाचा ढीग रचायचा, वर पाला-माती लिंपायची आणि दहा-पंधरा दिवस तो आतल्या आत धुमसत ठेवायचा. कोळसेवाला बाजूच्या खोपटात राहायचा, रात्री उठून ढिगावर चढून बघायचा कुठे खचतोय का, पाय आत गेला तर संपलंच. त्याची गोष्ट कुणी सांगत नाही. त्याचं नावही कुणाला माहीत नाही. मालक मेल्यावरसुद्धा व्हायरल, आणि ज्यांनी भट्टीला रात्रंदिवस खायला घातलं ते गायब!

जंगल साफ केलं त्यांनी, मान्य. अशा भट्टीला दिवसाला एकरभर झाडं लागायची म्हणतात. भुताच्या नावाने का होईना लोक तिथे थांबतात, हेही मान्य. पुढे जाऊ.

बाबांनी त्या दिवशी आतल्या भिंतीवर हात फिरवला. काळपट, काचेसारखा चकचकीत झालेला दगड. म्हणाले, "उन्हाळ्यात लोखंडाचा रस काढताना काय हाल झाले असतील यांचे." एवढंच बोलले. मग गाडीत बसल्यावर पहिल्यांदाच त्यांच्या फौंड्रीतल्या एका मोल्डरबद्दल, म्हणजे साचे करणाऱ्या कामगाराबद्दल सांगितलं, ज्याच्या पायावर रस सांडला होता. मला इतक्या वर्षांत हे माहीतच नव्हतं. भट्टीपाशी उभे राहिले म्हणून निघालं ते.

ज्याने रील टाकलंय तो मित्रच आहे माझा, त्याच्यावर राग नाही, मघाशी होता, आता उतरलाय. आपल्यापैकी कितीतरी जणांचे वडील, काका, आजोबा कुठल्या ना कुठल्या भट्टीसमोर, लूमसमोर, लेथसमोर उभे राहिलेत, आणि आपण अशा जागी जाऊन भूत शोधतो, हे मला झेपत नाही.

मित्रा, रील डिलीट करू नकोस. किंकाळ्या काढ, डोक्यावरचे पाइप जवळून दाखव, आणि कॅप्शनमध्ये ती ९० माणसं-पोरं लिही. खेचरंही लिही.