नव्या गाडीवर शंका घेऊ नये

नवी गाडी घेतलीत, इंदूरात खजराण्याच्या गणपतीला नेलीत, बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबं चिरडली, कॉलनीत पेढे वाटले, छान केलंत. आता महिन्याभरात डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला म्हणून लगेच तोंड पाडून बसू नका. लाल नाहीये ना, मग झालं तर. लाल म्हणजे आत्ता थांबा आणि पिवळा म्हणजे सवडीने दाखवून घ्या, आणि सवड तर तुम्हाला मिळणारच आहे कारण सर्विस सेंटरवाले पुढच्या आठवड्याच्या आधी तारीख देत नाहीत.

डिझेल घेतली असेल तर तुम्ही विशेष भाग्यवान. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे धुराचे कडक नियम, आले, तेव्हापासून डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या लायनीत काजळी पकडणारा फिल्टर असतो, डीपीएफ म्हणतात त्याला. ती काजळी जाळून टाकायची तर धूर चांगला तापावा लागतो आणि तो तापतो मोकळ्या रस्त्यावर, एका दमात गाडी पळवली की. तुम्ही पलासियाहून राजवाड्याला जाता, तिथून भाजी घेऊन घरी, मग तो बिचारा तापणार कधी? दिवा लागतो आणि सर्विसवाला सांगतो, "सर, हफ्ते में एक बार हायवे पे चला लिया करो." आता हे वाक्य गाडी विकताना कोणी का नाही बोललं असले फालतू प्रश्न विचारू नका. उज्जैनला जा, जाऊन-येऊन शंभरावर किलोमीटर होतात, फिल्टर साफ होतो आणि महाकालाचं दर्शन वेगळं. डिझेलने पैसे वाचतील म्हणून घेतली होतीत ते मात्र घरात पुन्हा बोलू नका.

ड्युअल क्लचवाली, म्हणजे आत दोन क्लच असलेली ऑटोमॅटिक असेल तर ओंकारेश्वरला जाताना भेरूघाटात ट्रकांच्या मागे इंच इंच सरकून बघाच. तेलात न बुडवलेला, म्हणजे ड्राय क्लच असेल तर तो अर्धवट दाबून सरकण्यात तापतो, मग स्क्रीनवर मेसेज येतो की गियरबॉक्स गरम झालाय, गाडी बाजूला घ्या. घ्या बाजूला. मागे आत्या बसलेली असेल तर ती म्हणेलच, "तुझ्या बाबांची एटहंड्रेड बरी होती रे, ह्याच घाटातून सहा जण जायचो." ऐकून घ्यायचं. त्या गाडीला स्क्रीनच नव्हती त्यामुळे तिला काय होतंय ते कळायचंच नाही, असं उत्तर द्या.

आता मुख्य गोष्ट, आवाज. डाव्या बाजूने कुठूनतरी खडखड येते, फक्त भंवरकुआंच्या पुढे, फक्त दुसऱ्या गियरमध्ये, आणि फक्त तुम्हालाच ऐकू येते. सर्विस सेंटरचा मुलगा त्यांच्या गुळगुळीत कंपाउंडमध्ये एक चक्कर मारून येतो आणि म्हणतो, "आवाज तो आई ही नहीं सर." तुम्ही मान डोलवा. मोबाईलवर व्हिडिओ वगैरे काढून ठेवू नका, बिचाऱ्याला वाईट वाटेल. जॉब कार्डवर तक्रारीच्या रकान्यात तो "जनरल चेकअप" लिहील, त्याखाली गुपचूप सही करा. उगाच हट्ट करून "गाडी दुसऱ्या गियरमध्ये खडखड करते" असं तुमच्या शब्दांत लिहून घेतलंत, आणि तेच वाक्य तीन जॉब कार्डांवर तारखेसकट आलं, तर तो कागद होतो भाऊ, पुरावा होतो. मग तुम्हाला ग्राहक आयोगात जायची बुद्धी व्हायची. २०१९ च्या कायद्याने तर आता तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात केस टाकता येते, कंपनी चेन्नईची असो की पुण्याची, म्हणजे तेवढं निमित्तसुद्धा ठेवलं नाही. वर दोष कारखान्यातलाच आहे हे दाखवायला तज्ञाचा रिपोर्ट मागतात, एवढा ताप कशाला.

सरकारकडे तर बिलकुल तक्रार करू नका. मोटार वाहन कायद्यात ११०अ नावाचं कलम घुसवलंय, १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू आहेत, सात वर्षांच्या आतल्या एकाच मॉडेलच्या बऱ्याच मालकांनी सुरक्षेच्या दोषाची तक्रार नोंदवली तर कंपनीला गाड्या परत बोलवायला लावता येतात. तुमच्या एकट्यामुळे आकडा भरला तर? त्यापेक्षा रविवारी छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत पोहे खात मित्रांना सांगा, मन मोकळं होतं आणि कंपनीलाही काही त्रास नाही.

मग फोन येईल, फीडबॅकचा. त्याआधी सर्विसवाल्याचा फोन येईल की सर दहापैकी दहा द्या, नऊ दिले तरी माझा पगार कापतात. द्या दहा! गाडी आत उभी असली, पार्ट "ऑर्डर किया है" असला तरी द्या. त्या मुलाची चूक नाहीच, आणि पुढे कधी भांडायला गेलात तर तुमच्याच दहा मार्कांचा प्रिंटआउट तुमच्यासमोर ठेवतील, तेवढीच रंगत.

आणि अगदीच कंटाळलात तर विकून टाका. जाहिरातीत बिनधास्त लिहा: सिंगल ओनर, शोरूम कंडिशन, फार कमी चाललेली. यातलं एक अक्षर खोटं नाही, निम्मं आयुष्य तर ती शोरूमच्या मागच्या शेडमध्येच होती.