शिंक, पाणी आणि दोन पिशव्या

पर्वती चढणाऱ्या आम्हा बायकांच्या ग्रुपवर तोच मेसेज तिसऱ्यांदा आला. 'चाळिशीनंतर खोकताना-शिंकताना लघवी निसटणारच. पाणी कमी प्या, दर तासाला जाऊन या, लघवी करताना मधेच धार अडवायचा व्यायाम रोज करा. आठ दिवसांत फरक. नाही पडला तर पिशवी काढून टाका.' खाली हात जोडलेल्यांची रांग.

'निसटणारच'? बाळंतपणं, पाळी जाणं, वाढलेलं वजन, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ यांनी ओटीपोटाचा तळ सांभाळणारे स्नायू कमजोर होतात, हे खरं. पण पुष्कळ जणींना होतं म्हणून सोसायचं, हे कुठलं गणित? गुडघा दुखला तर आपण सोसायटीभर सांगतो. इथे मात्र गुपचूप पॅड लावून पायऱ्या उतरतो.

धार अडवण्याचा सल्ला अर्धा बरोबर आहे, म्हणून जास्त घोटाळ्याचा. स्नायू तेच. पण लघवी होताना मूत्राशय आकसत असतं आणि हे स्नायू ढिले पडलेले असतात. ती जोडी रोज मोडत बसलं तर मूत्राशय नीट रिकामं होत नाही, मागे राहिलेल्या लघवीत जंतू वाढू शकतात. स्नायू कुठला हे ओळखायला एखादे वेळी अडवून पाहा, बस. व्यायाम करायचा तो संडासाबाहेर.

चारचौघांत गॅस अडवतो ना, तसं आत आणि वर ओढून घ्यायचं. सहा-आठ सेकंद धरायचं आणि तेवढाच वेळ पूर्ण सोडायचं. असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. शेवटी काही वेळा झटपट आवळून सोडायचं. श्वास चालू, मांड्या आणि ढुंगण सैल. योगवर्गात मूळबंध शिकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. वाचून सोपं वाटतं, पण मी स्वतः दोन महिने मन लावून चुकीचं करत होते. फिजिओथेरपिस्टने तपासलं तेव्हा कळलं, मी वर ओढण्याऐवजी कुंथत होते! खाली जोर दिला की त्रास वाढतो. म्हणून निदान एकदा तरी जाणकार बाईकडून तपासून घ्या. ओटीपोटात किंवा संबंधाच्या वेळी दुखत असेल तर आधी तपासणी, मग व्यायाम. काहींचे स्नायू मुळात आखडलेले असतात, त्यांना आवळणं नाही, सोडणं शिकावं लागतं.

आणखी एक युक्ती, मेसेजात नसलेली : शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळायचं, मग शिंकायचं. पिशव्या उचलतानाही तेच.

आठ दिवसांचं म्हणाल, तर दंडाचे स्नायू तरी आठ दिवसांत कमावता येतात का? अमेरिकन डॉक्टर आर्नल्ड केगल यांनी 1948 मध्ये हा व्यायाम वैद्यकात रुजवला. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना तो देखरेखीखाली किमान तीन महिने करायला सांगतात. अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या 2018 च्या कॉक्रेन आढाव्यात, खोकला-शिंकेने लघवी निसटणाऱ्या बायकांपैकी व्यायाम केलेल्या 56 टक्के जणींनी त्रास गेल्याचं सांगितलं, न केलेल्यांत फक्त 6 टक्के.

पाणी कमी करणं आपल्याला नवीन नाही. लक्ष्मी रोडला खरेदीला जायचं तर सकाळपासून घोटही नाही, कारण तिथे जायचं कुठे! पण लघवी दाट झाली की मूत्राशय चिडतं, बद्धकोष्ठ होतं, कुंथावं लागतं. कमी करायचाच तर चहा कमी करा. आणि उगाच दर तासाला गेलं की मूत्राशयाला थोड्यावरच ओरडायची सवय लागते. अचानक जोराची लघवी लागून दारापर्यंतही पोचता येत नसेल, तर जाण्यातलं अंतर हळूहळू वाढवायचं असतं, निदान सहा आठवडे.

राहिली पिशवी. आपण गर्भाशयालाही पिशवी म्हणतो आणि मूत्राशयालाही लघवीची पिशवी, घोळ तिथेच. गर्भाशय काढणं हा लघवी निसटण्यावरचा इलाज नाही. व्यायामाने भागलं नाही तर मूत्रमार्गाला आधार देणारी वेगळी शस्त्रक्रिया असते.

लघवीत रक्त, जळजळ, ताप किंवा खाली काही उतरल्यासारखं वाटत असेल, तर व्यायामाच्या आधी डॉक्टर. बाकीच्यांनी उद्यापासून कुकरच्या शिट्ट्यांबरोबर सुरू करायला हरकत नाही.