तळहातावरच्या तीन जागा

मिशिगनमध्ये कुणाला "तू कुठला?" असं विचारलं की तो नकाशा काढत नाही. उजवा तळहात स्वतःसमोर धरतो आणि डाव्या हाताच्या बोटाने गाव दाखवतो. राज्याचा खालचा भाग हुबेहूब तसा आहे, अंगठ्यासकट. मी राहतो ओकेमसला, राजधानी लान्सिंगच्या शेजारी, म्हणजे तळहाताच्या साधारण मधोमध. परवा सांगलीहून मामाचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा त्यालाही हातच दाखवला. त्याचा प्रश्न ठरलेला: "काय रे, आपले ठाणेदार येणार का?"

ठाणेदारांचं आधी उरकतो, कारण मराठी ग्रुपांवर गाडी तिथेच अडते. बेळगावचे श्री ठाणेदार अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधीगृहात, म्हणजे तिकडच्या लोकसभेत, मिशिगनच्या तेराव्या मतदारसंघातून डेमोक्रॅट म्हणून निवडून येतात. डेट्रॉईटचा मोठा भाग त्यात आहे. २०१८ मध्ये घरचे लाखो डॉलर घालून गव्हर्नरपदाच्या (राज्याचा मुख्यमंत्रीच म्हणा) प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, ते तिसरे आले. २०२२ मध्ये काँग्रेससाठी नऊ जणांच्या प्रायमरीत २८ टक्क्यांवर निघाले. मतं फुटली की काय होतं हे सांगलीकराला शिकवायला नको. यंदा, २०२६ मध्ये, पक्षातलेच डोनाव्हन मॅकिनी समोर आहेत आणि डाव्या विचारांचे सिनेटर बर्नी सँडर्स त्यांच्या पाठीशी. पण काय व्हायचं ते ४ ऑगस्टच्या प्रायमरीत होणार. नोव्हेंबरात तिथून डेमोक्रॅटच येणार, नाव कुठलंही असो. मराठी माणूस तिथे बसलाय म्हणून मलाही बरं वाटतं, पण डेमोक्रॅटिक पक्षाला मिशिगनमध्ये किती जागा मिळतील हा प्रश्न असेल तर तेरावा बाजूला ठेवायचा.

जागा एकूण १३. २०२० च्या जनगणनेनंतर एक गेली, आधी १४ होत्या. २०२२ मध्ये डेमोक्रॅट ७ आणि रिपब्लिकन ६ होते, २०२४ मध्ये बरोबर उलटं झालं. हा काटा एवढा बारीक आहे तो नकाशामुळे. जुना नकाशा २०११ मध्ये रिपब्लिकनांनी आखला होता. २०१२ मध्ये राज्यभरात मतं जास्त डेमोक्रॅटना पडली आणि जागा आल्या १४ पैकी ५. मग २०१६ च्या निवडणुकीनंतर केटी फेही नावाच्या तरुणीने, राजकारणात कधी नसलेल्या, फेसबुकवर चार ओळी टाकल्या की मला हे बदलायचंय, कुणी येतंय का बरोबर. त्यातून सह्यांची मोहीम उभी राहिली, २०१८ मध्ये लोकांनी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि नकाशा आखायचं काम १३ सामान्य नागरिकांच्या आयोगाकडे गेलं. चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन, पाच कुठल्याच पक्षाचे नाहीत असे. (फेसबुकवर नुसती भांडणंच होतात म्हणणाऱ्यांसाठी.) टेक्सास आणि कॅलिफोर्नियाने २०२५ मध्ये मधेच नकाशे बदलले, मिशिगनमध्ये ती सोय कुणालाच नाही.

तेव्हा खरी लढत तीन जागांची. आठवा मतदारसंघ अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात: फ्लिंट, सॅगिनॉ, बे सिटी. दहावा अंगठ्याच्या मुळाशी, मॅकॉम्ब काउंटीचा दक्षिण भाग: वॉरन, स्टर्लिंग हाइट्स. आणि मधोमध आमचा सातवा.

लोक सर्व्हे बघतात, ट्रम्पची लोकप्रियता किती घसरली ते बघतात. मी एक वेगळी गोष्ट बघतो. नव्या नकाशावर दोन निवडणुका झाल्या आणि नोव्हेंबरात बसलेला खासदार एकही पडलेला नाही. पारडं फिरलं ते खुर्ची रिकामी झाली तिथेच. ग्रँड रॅपिड्सला २०२२ मध्ये पीटर माइयर हे रिपब्लिकन आपल्याच पक्षाच्या प्रायमरीत हरले, कारण त्यांनी ट्रम्पवरच्या महाभियोगाला मत दिलं होतं. त्यांना पाडणाऱ्या जॉन गिब्जचं नाव पुढे आणायला डेमोक्रॅट पक्षाच्या निवडणूक समितीनेच चार लाखांहून जास्त डॉलर जाहिरातीवर घातले. मला तो प्रकार तेव्हाही रुचला नव्हता, पण डेमोक्रॅट हिलरी शोल्टन आल्या आणि टिकल्या. सातवा २०२४ मध्ये गेला, कारण तिथल्या डेमोक्रॅट खासदार एलिसा स्लॉटकिन सिनेटला उभ्या राहिल्या. ज्या रिपब्लिकन टॉम बॅरेटना त्यांनी २०२२ मध्ये हरवलं होतं तेच दोन वर्षांनी चार टक्क्यांच्या आतल्या फरकाने आले.

या न्यायाने दहावा सोपा वाटायला हवा. तिथले रिपब्लिकन खासदार जॉन जेम्स गव्हर्नरपदाच्या मागे लागलेत, म्हणजे खुर्ची मोकळी. पण मॅकॉम्ब म्हणजे मॅकॉम्ब. 'रेगन डेमोक्रॅट' हा शब्द याच काउंटीच्या अभ्यासातून रूढ झाला: युनियनवाले कामगार, डेमोक्रॅट घरातले, १९८० नंतर रिपब्लिकनांकडे वळलेले. २०२४ मध्ये ट्रम्पना या मतदारसंघात सहा टक्क्यांच्या आसपास आघाडी होती. तरी मला २०२२ ची गोष्ट अजून टोचते. जेम्सविरुद्ध डेमोक्रॅट कार्ल मार्लिंगा उभे होते. राष्ट्रीय पक्षाने ही जागा गेल्यातच धरली आणि पैसा दुसरीकडे वळवला. मार्लिंगा हरले ते १,६०० मतांनी. एवढी माणसं तर आमच्या डेट्रॉईटकडच्या गणेशोत्सवाला जमवता येतील. यंदा पक्षाने तीच चूक केली तर दोष मतदारांना देऊ नये.

आठव्याची मला फारशी काळजी नाही. २०२४ मध्ये ट्रम्प तिथे पुढे होते आणि त्याच मतपत्रिकेवर डेमोक्रॅट क्रिस्टन मॅकडॉनल्ड रिव्हे सहा टक्क्यांहून जास्त फरकाने आल्या, तेही खुर्ची मोकळी असताना. आता त्या बसलेल्या खासदार आहेत.

राहिला सातवा. इथे माझा जीव अडकलाय, म्हणून माझ्या अंदाजात थोडं माप चुकतं धरा. बॅरेट बसलेले आहेत, लष्करात हेलिकॉप्टर चालवलेला माणूस, उगाच वादात न पडणारा. मग माझ्या नियमाने ते राहायला हवेत. पण नियम दोनच निवडणुकांचा आहे, आणि त्यातल्या एकीतही व्हाइट हाउसमध्ये रिपब्लिकन नव्हता. तसा होता २०१८ मध्ये, आणि तेव्हा जुन्या आठव्यात बसलेले माइक बिशप पडले होते. पाडलं स्लॉटकिन यांनीच. त्या मतदारसंघाच्या तुकड्यांत इंगहॅम आणि लिव्हिंग्स्टन काउंटी होत्या. आजच्या सातव्यातही त्या दोन्ही आहेत.

इंगहॅम म्हणजे आम्ही: लान्सिंग, विद्यापीठ, सरकारी नोकर, जनरल मोटर्सचे कामगार. लिव्हिंग्स्टन म्हणजे हॉवेल, ब्रायटन, पक्की रिपब्लिकन. तिथे जिंकायचं नसतं, कमी हरायचं असतं. २०२४ च्या ऑक्टोबरात मी हॉवेलला दारं वाजवत फिरलो होतो. बहुतेक दारं उघडलीच नाहीत. एका आजोबांनी उघडलं, माझा कागद हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "एलिसाला मी दिलं असतं. या नव्या माणसाला ओळखत नाही." स्लॉटकिन त्या वेळी राज्यभर जेमतेम १९ हजारांच्या आसपास मतांनी सिनेटवर आल्या. त्यांच्या जागी उभे राहिलेले कर्टिस हर्टेल पडले. आजोबांचं वाक्य मला सगळ्या सर्व्हेंपेक्षा जास्त कळलं.

आता अमेरिकेच्या युक्रेनमधल्या माजी राजदूत ब्रिजेट ब्रिंक आणि नौदलातले मॅट मासडॅम वगैरे मंडळी सातव्याच्या डेमोक्रॅट प्रायमरीत आहेत. दोघांनाही लिव्हिंग्स्टन ओळखत नाही. ती ओळख करून द्यायला ऑगस्ट ते नोव्हेंबर, तीन महिने.

दुसरी अडचण वरून येते. मिशिगनच्या मतपत्रिकेवर पक्षाच्या नावापुढचा एक गोल रंगवला की त्या पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत जातं. २०२२ मध्ये वरती गव्हर्नरपदाला डेमोक्रॅट ग्रेचेन व्हिटमर होत्या, त्या दहा टक्क्यांनी आल्या, गर्भपाताच्या हक्काचा प्रस्ताव त्याच दिवशी होता आणि खालच्या सगळ्यांना त्याचा धक्का मिळाला. यंदा व्हिटमर नाहीत. उलट डेट्रॉईटचे माजी महापौर माइक डगन, जन्माचे डेमोक्रॅट, अपक्ष म्हणून गव्हर्नरपदाला उभे आहेत. डगनना मत द्यायचं ठरवलेला माणूस त्यांच्या नावापुढचा तेवढा गोल रंगवून निघून जाईल, की थांबून एकेक नाव वाचत खाली येईल? तसा खाली येताना सातव्याच्या रकान्यापर्यंत तो पोचतो का? तसं पक्षाचा गोल रंगवूनही गव्हर्नरपदाचं तेवढं मत डगनना देता येतं, पण हे किती जणांना ठाऊक आहे?

मामाला शेवटी आकडा हवाच होता. सात, मी म्हटलं. आहेत त्या सहा आणि आमचा सातवा मतदारसंघ परत. आठवी जागा दहाव्यातून येऊ शकते, पण त्यावर मी पैज लावणार नाही. हात दाखवून दाखवून दुखायला लागला होता, तेवढ्यात मामा म्हणाला, "ते ठीक आहे, पण ठाणेदार?"