पबमेडमध्ये ‘सगळं’ नसतं

एम.फार्म.च्या प्रबंधांचे दिवस आले की ग्रुपांवर संदर्भ कुठे शोधायचे याचा एक सल्ला फिरू लागतो: ‘पबमेड फुकट आहे आणि औषधांवरचं सगळं त्यात आहे. एम्बेस म्हणजे तेच, फक्त पैसे मोजून. राहिलंच काही तर गूगल स्कॉलर.’ पबमेड आणि एम्बेस म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या नोंदींचे ऑनलाइन शोधसंच. यातलं ‘फुकट’ तेवढं खरं.

आधी ‘सगळं त्यात आहे’ हे पाहू. २००१ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्यावरच्या एका अभ्यासात २४ वर्षांच्या निरोगी स्वयंसेविकेला हेक्सामेथोनियम हे औषध श्वासावाटे दिलं. फुप्फुसं निकामी होऊन महिन्याभरात ती गेली. औषध देण्याआधी पबमेड पाहिलं गेलं होतं. पण तेव्हा त्याची धाव मागे १९६६ पर्यंतच होती, आणि या औषधाने फुप्फुसांना होणाऱ्या इजेबद्दलचे पेपर होते १९५०च्या दशकातले. ग्रंथालयातल्या जुन्या छापील सूचींमध्ये ते सापडले असते. पुढे केंद्र सरकारच्या पैशावर तिथे चाललेलं माणसांवरचं जवळपास सगळं संशोधन काही दिवस बंद ठेवावं लागलं. आज पबमेडमध्ये मागे १९४६पर्यंतच्या नोंदी मिळतात, हे खरं. पण त्या जुन्या नोंदींना गोषवारा नसतो. शोधायला शीर्षक आणि मोजके विषयशब्द एवढंच हाती राहतं.

‘एम्बेस म्हणजे तेच’ हे अर्धसत्य आहे, म्हणून जास्त पसरतं. मेडलाइनच्या, म्हणजे पबमेडच्या मुख्य भागाच्या, नोंदी एम्बेसमध्ये असतात, हे बरोबर. पण मेडलाइन न घेणारी हजारो जर्नलंही त्यात असतात, आणि २००९पासूनचे परिषदांमधले गोषवारेही. शिवाय त्याची मांडणीच औषधाभोवती आहे. पेपरात औषधाचं ब्रँडनाव किंवा उत्पादक दिला असेल तर त्याची वेगळी नोंद होते. मात्रा, आंतरक्रिया, दुष्परिणाम असे पोटविषय औषधाच्या नावाला जोडलेले असतात. फार्माकोव्हिजिलन्समध्ये, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवण्याचं, काम करणाऱ्याला विचारा, एम्बेसशिवाय त्याचा आठवडा जात नाही. पबमेडवर चालवलेली शोधओळ तशीच एम्बेसमध्ये चिकटवून ‘तेच आलं’ म्हणणाऱ्याने मात्र एम्बेस वापरलेलंच नसतं.

गूगल स्कॉलर पूर्ण मजकुरात शोधतं, एखाद्या पेपरला पुढे कोणी उद्धृत केलं तेही दाखवतं. त्यासाठी ते उत्तमच. पण ‘अमुक लाख निकाल’ असं लिहून आलं तरी पाहायला मिळतात पहिले १०००, आणि त्यांचा क्रम कसा लागतो हे बाहेरच्याला कळत नाही. पद्धतीच्या प्रकरणात असा शोध लिहिला तर परीक्षक तो पुन्हा करून पाहू शकणार नाही.

एम्बेसची वर्गणी अनेक कॉलेजांना परवडत नाही, ही अडचण खरी आहे. निदान क्लिनिकल ट्रायल्सपुरता मार्ग आहे: कॉक्रेन या संस्थेच्या ‘सेंट्रल’ या ट्रायल्सच्या नोंदसंचात एम्बेसमधून वेचलेल्या ट्रायल्सच्या नोंदी असतात. तो शोध घ्या, आणि एम्बेस पाहिलं नसेल तर प्रबंधात तसं स्पष्ट लिहा.