जुन्या कम्प्युटरचा पंचनामा

परवा एक पोट्टं माझ्या दुकानातून उठलं आणि सातबाऱ्याची प्रिंट काढायला सरळ समोरच्या दुकानात गेलं. जाता जाता सगळ्यांच्या देखत म्हणालं, "राहू द्या काका, तुमचं होईपर्यंत आमची पेरनी होऊन जाईन." सगळे हसले. मीही हसलो, कारण गिऱ्हाईक बसलेलं असताना दुकानदाराला दुसरं काही करता येत नाही.

समोरच्याकडे चोरीचं विंडोज सेव्हन आहे. त्याचे सुरक्षा अपडेट्स १४ जानेवारी २०२० लाच बंद झाले. समोरच्याला हे माहीत नाही, आणि सांगितलं तरी तो म्हणेल, "बरं झालं, नेट वाचलं." त्याचं मशीन तंबाखू मळून होईस्तोवर तयार असतं. आणि माझं कायदेशीर, फुकट, सुरक्षित, नुकतंच अपग्रेड केलेलं लिनक्स पडद्यावर एक गोल फिरवत बसलं होतं.

मशीन २००९ चं आहे. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, दोन जीबी रॅम, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी मशीन चालवणारी प्रणाली, तिचे प्रकार बरेच. कोणतं ते सांगत नाही, त्याचे भक्त अंगावर येतात. जुन्या आवृत्तीची पाच वर्षांची मुदत संपली होती. अर्ध्या गावाचे आधार कार्ड आणि पासबुक ज्या मशीनवर स्कॅन होतात, ते मुदतबाह्य ठेवणं मला पटत नाही. म्हणून अपग्रेड केलं. त्यातही मधली आवृत्ती ओलांडून उडी मारता येत नाही, आधी तिच्यावर चढा, मग पुढच्या. हे सगळं आमच्याकडे वीज असते त्या वेळात बसवायचं. ते झालं, आणि त्यानंतर हे असं झालं.

आता मुख्य माणूस. आमच्या गावचे माजी पोलीस पाटील माझ्या दुकानात रोज येतात. काम काही नसतं. दुकानात कूलर आहे आणि पेपर येतो, एवढंच. दर्यापूर तालुक्यातला जून म्हणजे पाऊस आला तर आला, नाहीतर मेचाच पुढचा हप्ता. साठाव्या वर्षी पद गेलं, पण पद त्यांच्यातून गेलेलं नाही. गावात कोणाची कोंबडी हरवली तरी ते आधी घटनास्थळ विचारतात.

पोट्टं गेल्यावर त्यांनी पेपर बाजूला ठेवला.

"काय झालं बे?"

"अपग्रेड केलं काकाजी. थोडं सावकाश चालून राह्यलं."

"कोनं सांगतलं होतं?"

"कोणी नाही. सुरक्षेसाठी करा लागते."

"म्हंजे पैले बरं चालू होतं."

"हो."

"अन् मंग तू हात लावला."

यावर काय बोलणार? त्यांनी फक्त "हं" केलं. माझ्याच काउंटरवरचा पेन उचलला, बियाणे कंपनीचं एक पत्रक उलटं केलं आणि मोठ्यानं म्हणत लिहायला लागले, "मौजे, तालुका दर्यापूर, जिल्हा अमरावती. समक्ष पंच क्रमांक एक..." मग इकडे तिकडे पाहिलं. दुकानात पासपोर्ट फोटोसाठी आलेल्या एक आजी बसल्या होत्या. त्यांना पंच केलं.

"मले यातलं काई समजत नाई बाप्पा," आजी म्हणाल्या.

"पंचाले समजा लागत नाई. हजर राहा लागते."

आजी हजर राहिल्या. फोटो निघतच नव्हता, तर जाणार कुठे?

"पैला संशयित कोन?"

मी टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडली. मशीन सुरू होताना कोणत्या सेवेनं किती सेकंद खाल्ले याची यादी देणारी एक कमांड असते, सिस्टमडी-अनालाइझ ब्लेम. यादी आली, सगळ्यात हावऱ्याचं नाव सगळ्यात वर. काकाजी खुर्ची ओढून पुढे सरकले. आयुष्यभराच्या नोकरीत त्यांनी असं पाहिलं नसावं.

"हे मशीन सोताच नावं सांगते?"

"हो."

"न मारता?"

"न मारता."

ते बराच वेळ यादीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "आपल्या गावात असं एखांदं पाह्यजे होतं."

मी त्यांना आधी कर्नलबद्दल, म्हणजे हार्डवेअर आणि प्रोग्रॅम यांच्यामध्ये बसणाऱ्या लिनक्सच्या गाभ्याबद्दल सांगितलं, कारण लोक पहिला संशय त्याच्यावरच घेतात. नवीन कर्नल म्हणजे जड, असं समीकरण लोकांच्या डोक्यात बसलंय. वास्तविक कर्नल बिचारा जुन्या हार्डवेअरला शक्य तितकं सांभाळून घेतो. वगळतोही, नाही असं नाही. लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ मध्ये ज्या ३८६ प्रोसेसरवर लिनक्स लिहिलं, त्याच ३८६ चा आधार २०१२ च्या डिसेंबरात कर्नलमधून काढून टाकला, आणि त्याला हिरवा कंदील खुद्द लिनसनंच दिला. मला हे वाचून वाईट वाटलं होतं. काकाजींना नाही वाटलं. "एकवीस वर्सं ठेवलं ना? लय झालं. मले तं साठाव्या वर्सी त्याच दिवशी मोकळं केलं," म्हणाले, आणि कर्नलच्या नावापुढे 'निर्दोष' असं लिहिलं.

मग मला वाटलं, प्रामाणिकपणे सगळं सांगावं. २०१८ च्या जानेवारीत स्पेक्टर आणि मेल्टडाउन नावाच्या दोन उणिवा जगजाहीर झाल्या. प्रोसेसर वेळ वाचवायला पुढच्या कामाचा अंदाज बांधून ते आधीच करून ठेवतो, आणि त्या अंदाजातून दुसऱ्याची गुपितं हळूच वाचता येतात. त्यावर कर्नलनं बंदोबस्त केला. स्वतःचे मेमरीचे नकाशे प्रोग्रॅमपासून वेगळे ठेवले. त्यामुळे आत-बाहेर जाताना दर वेळी थोडा वेळ जातो. नव्या प्रोसेसरांत हा वेळ कमी करायची सोय आहे, पण ती इंटेलमध्ये २०१० च्या सुमारास आली, आणि माझं मशीन त्याआधीचं. म्हणजे भुर्दंड गरिबालाच जास्त.

"चोरी झाली?" काकाजी.

"झाली नाही. होऊ शकते."

"फिर्यादी?"

"नाही."

"मंग गुन्हा दाखल कसा केला?"

मी गप्प. शिवाय हा बंदोबस्त जुन्या आवृत्तीतही अपडेटमधून आलेलाच होता, म्हणजे घटनेच्या आधीपासून हजर. तेवढ्या मुद्द्यावर तो सुटला.

दुसरा संशयित डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावर खिडक्या आणि मेनू दाखवणारा भाग. याच्याबद्दल मी कडक बोललो, कारण खरी गोची इथे आहे. अपग्रेडनं कर्नल बदलतो, त्याचं फार काही वाटत नाही. पण त्याच पोत्यात नवा डेस्कटॉप येतो, नवे इफेक्ट येतात. खिडकी उघडताना ती उमलत येते, बंद होताना विरून जाते. मला सातबारा पाहिजे, उमलणं नको. हे दाखवायला ग्राफिक्स चिप लागते. ती जुनी असली आणि झेपलं नाही, की चित्र काढायचं कामही प्रोसेसरच्या माथी. ग्नोम नावाचा हा डेस्कटॉप काहीच न करता नुसता बसून असला तरी एक जीबीच्या आसपास रॅम धरतो. माझ्याकडे एकूण दोन.

तिसरा ब्राउझर. आधी तो साध्या पॅकेजच्या रूपात होता, अपग्रेडनं त्याला पेटीबंद करून टाकलं. आता मशीन सुरू केल्यावर पहिल्यांदा तो उघडताना ती आवळलेली पेटी हार्ड डिस्कवरून उलगडते. पेटी सुरक्षित असते, मान्य. आत लागणारी सगळी सामग्री सोबत असते, तेही मान्य. पण हे सगळं सॉलिड स्टेट डिस्कवाल्यांच्या लक्षातसुद्धा येत नाही, आणि माझ्याकडे तेवढ्यात आजींचा डोळा लागतो. त्यावर ब्राउझर वेगवेगळ्या साइटसाठी वेगवेगळ्या प्रोसेस चालवतो. एका टॅबमध्ये महसूलचं पोर्टल, दुसऱ्यात बँकेचं, की दोन जीबी संपली.

रॅम संपली की मशीन तिच्यातला माल हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तेव्हा परत आणतं, त्याला स्वॅप म्हणतात. हे काकाजींना समजावताना मला पंगत आठवली. जेवायला दोनशे माणूस, वाढणारा एकच, आणि भाताचं पातेलं दुसऱ्या गल्लीत. प्रत्येक वाढीला त्यानं तिकडे जायचं आणि यायचं. स्वॅप म्हणजे ते जाणं-येणं. आणि माझी हार्ड डिस्क म्हणजे तो वाढणारा. तबकडीवरची सुई हव्या त्या जागी पोचायला आणि तबकडी फिरून यायला मिळून दहा-पंधरा मिलिसेकंद जातात, म्हणजे इकडचं-तिकडचं वेचून वाचायचं असेल तर सेकंदाला शंभराच्या आतबाहेर वेळा. तेवढ्यात काकाजींना भूक लागली आणि त्यांनी घरून मुलाकडून चिवडा मागवला.

चौथा संशयित सापडला तेव्हा चिवडा चालू होता. अपग्रेडनंतर फाइलींची सूची नव्यानं तयार करणारा एक जण मागच्या बाजूनं हार्ड डिस्क खरडत होता. गावातल्या सगळ्यांचे फोटो, सगळ्यांचे अर्ज, एकेक उघडून पाहत होता.

"माह्याबी?" काकाजींचा हात थांबला.

"तुमचाबी. मतदार यादीवाला."

"त्यात मले मिशा नोत्या." त्यांनी या आरोपीच्या नावाखाली दोन रेघा मारल्या.

मग पंचनाम्यातला रकाना आला: आरोपींचे राहण्याचे ठिकाण. मी म्हटलं, हे लिहिणारे लोक जगभर आहेत. कोणी जर्मनीत, कोणी अमेरिकेत, काही आपल्या बेंगळुरूत. त्यांनी 'फरार' लिहिलं.

इथं मला थट्टा सुचेना. कारण ते खरंच फरार आहेत. या लोकांच्या टेबलावर सोळा जीबी, बत्तीस जीबी रॅम असते. तिथे अर्ध्या सेकंदाचा फरक त्यांना जाणवत नाही, तो माझ्याकडे येईपर्यंत चहाच्या एका फेरीएवढा होतो. त्यांना दोष देतोय असं नाही, फुकट देतात, मेहनत करतात. पण संध्याकाळी शेतातले पंप सुरू झाल्यावर व्होल्टेज पडतं आणि यूपीएस पी पी करत ओरडतो, अशा जागी एकदा तरी त्यांचा डेस्कटॉप चालवून पाहायला काय हरकत आहे? आणि पोर्टल बनवणारे तर आपलेच, मराठी. एका कागदासाठी उघडायचं पान, त्यावर आधी सरकत्या फोटोंची माळ. लोकांना नमुना आठ-अ पाहिजे असतो. फोटो पाहायला कोणी खारपाणपट्ट्यातून ऊन झेलत येत नाही.

आणि ते सल्ले! जुनं मशीन आहे? लिनक्स टाका, धावतं! वर्षानुवर्षं हेच ऐकतोय. धावतं, पण कोणतं लिनक्स, कोणता डेस्कटॉप, हे विचारलं की माणूस दुसरीकडे पाहतो. रॅम वाढवू म्हणून अमरावतीला गेलो तर दुकानदार म्हणाला, "डीडीआर-टू? भाऊ, नवीन मशीन घ्या ना." मदरबोर्डवर तसंही चार जीबीच्या वर चालत नाही. आणि नवीन मशीन घ्या म्हणणाऱ्यानं आधी माझी उधारीची वही पाहावी. त्यातली अर्धी नावं 'कापूस निघाल्यावर' या एकाच तारखेवर थांबलेली आहेत.

शेवटी काकाजींनी पंचनामा वाचून दाखवला. त्यात मशीनला 'सदर वृद्ध' म्हटलं होतं आणि मृत्यूचं कारण कोरं ठेवलं होतं. मी म्हटलं, मेलं नाही अजून. ते म्हणाले, रकाना भरा लागते. आजींनी अंगठा दिला. फोटो त्यांना काकाजींच्या मुलानं मोबाइलवर काढून दिला, आणि प्रिंट, सांगायची गरज नाही, समोरून आली.

रात्री बसून मी काम केलं. एक्सएफसीई बसवलं, तो कमी रॅममध्ये भागवणारा साधा डेस्कटॉप, १९९६ पासून चालत आलेला. पेटीबंद ब्राउझर काढून त्याच्याच मूळ प्रकल्पाचं साधं पॅकेज टाकलं. फाइली खरडणाऱ्याला बंद केलं. झेडरॅम चालू केलं, म्हणजे रॅममधलाच माल रॅममध्ये आवळून ठेवायचा, डिस्कवर कमी पळायचं. सॉलिड स्टेट डिस्क घेतली तर सगळ्यात मोठा फरक पडेल, या जुन्या बोर्डालाही ती चालते. ती कापूस निघाल्यावर. कर्नल तोच ठेवला, नवा. आवृत्ती तीच, नवी. सकाळी मशीन सुरू झालं, ब्राउझर उघडला, आणि पहिल्या गिऱ्हाइकाचा सातबारा त्याच्या खिशातून पैसे निघायच्या आत बाहेर आला.

काकाजी आले. कूलरसमोर बसले. चष्मा वर करून पडद्याकडे बराच वेळ पाहिलं.

"हे तं पैल्यासारखंच दिसून राह्यलं."

"हो. आता चालतेही पैल्यासारखंच."

"म्हंजे पैले जसं होतं तसंच झालं."

"वरून तसं. आतून नवीन आहे काकाजी, सुरक्षा अपडेट..."

"मंग अपग्रेड काहून केलं होतं?"

मी उत्तर द्यायच्या आत त्यांनी खिशातून कालचं पत्रक काढलं. माझा पेनही त्याच खिशातून निघाला.

"त्या बुढीले बलाव. पुरवणी जबाब घ्या लागते."